हिरवे आकडे

चाकांचे कोन मोजणाऱ्या अलाइनमेंटच्या मशीनमधून निघालेला कागद मित्रानं माझ्यासमोर टेबलावर ठेवला तेव्हा त्यावरचा प्रत्येक आकडा हिरवा होता. पुढचा टो, मागचा टो, कॅम्बर, कॅस्टर, थ्रस्ट अँगल, सगळं ठरलेल्या मर्यादेत. आणि तो सांगत होता की कोईमतूरच्या करी ट्रॅकवर एका लांब वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय जरासा उचलला की गाडीची मागची बाजू एक पाऊल बाहेर टाकते, क्षणभर थांबते आणि मग आणखी एक पाऊल टाकते. "ती दोनदा वळते गं," तो म्हणाला. "पहिल्यांदा मी वळवतो म्हणून. दुसऱ्यांदा तिचं तीच ठरवते." गाडी जुनी, दोन दारांची, सहा सिलिंडरची, मागच्या चाकांवर ताकद उतरवणारी, आधीच्या मालकानं ट्रॅकसाठी बरंच काही बदललेली. अलाइनमेंट करणाऱ्या मुलाचं काम चोख होतं, कागद खोटा नव्हता. मित्राची कंबरही खोटं बोलत नव्हती. दोन्ही खरं असून एकमेकांशी जुळत नव्हतं, आणि तो कागद कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून जाईना.

पुढच्या चाकांचं काय चाललंय ते स्टिअरिंगमधून थेट हातात येतं. मागच्या चाकांना असा हात नसतो. त्यांचा निरोप चाक धरणारा आर्म, त्याच्या सांध्यातला रबरी बुश, सबफ्रेम, पत्रा, सीट असा वळसे घेत येतो आणि कंबरेला, मांड्यांना लागतो. म्हणून मागच्या बाजूच्या तक्रारी बहुतेक वेळा धूसर असतात. "तरंगते", "पोहते", "मागून कुणीतरी ढकलल्यासारखं वाटतं". टेस्ट ड्रायव्हरांसोबत काम करताना मी एवढं पक्कं शिकले की या शब्दांना हसायचं नाही. जसेच्या तसे लिहून घ्यायचे आणि विचारायचं: वेग किती होता, पाय कुठे होता, वळणाच्या सुरुवातीला की मध्यावर, रस्ता सपाट की खरबरीत? "पोहते" म्हणणारा माणूस बहुधा शॉकॲब्सॉर्बरबद्दल बोलत असतो. आणि "दोनदा वळते" हे तर मी ऐकलेल्या वर्णनांपैकी सगळ्यात नेमकं होतं. पहिलं वळणं टायरचं आणि बॉडी कलण्याचं. दुसरं वळणं म्हणजे टायर आणि बॉडी यांच्या मधलं काहीतरी उशिरा सरकतंय. भार आल्यावर, एक ठोका चुकवून.

मागची चाकं किंचित आत पाहणारी ठेवतात. हा टो-इन अंशाच्या छोट्याशा भागाइतका असतो, पण गाडीची सरळ जाण्याची बरीचशी शहाणीव त्यात असते. वळणात मागचा बराचसा भार बाहेरच्या चाकावर येतो. ते चाक भाराखाली बाहेर पाहू लागलं तर गाडीची मागची बाजू आपलं आपण स्टिअरिंग करू लागते, आणि तेही नको त्या दिशेला. अंशाचा एक दशांश म्हणजे सतरा इंची रिमवर मोजलं तर पुरता एक मिलिमीटरही नाही. पण शंभराच्या वर वेग असताना तेवढंही कंबरेला समजतं. मशीनवर मात्र गाडी उभी असते. तिच्या चाकांवर फक्त तिचं स्वतःचं वजन असतं, सरळ खाली. बाजूनं काहीच रेटत नसतं. त्या अवस्थेत झिजलेला बुशसुद्धा रबराच्या जोरावर आपल्या जागी येऊन बसतो आणि आकडा हिरवा येतो.

उभी गाडी एवढंच सांगू शकते.

माझे काका एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये बॉडी बिल्डिंगला होते. कंपनीकडून नुसती चासी यायची आणि तिच्यावर सांगाडा, ॲल्युमिनिअमचे पत्रे, रिव्हेटा, खिडक्या असं सगळं इथे चढायचं. लहानपणी घाटातून जाताना मी हट्टानं शेवटच्या बाकावर बसायचे. वळणावर एक चाक खड्ड्यात, दुसरं मुरुमाच्या उंचवट्यावर, आणि काचा त्यांच्या चौकटीत कुरकुरायला लागायच्या. समोर पाहिलं तर ड्रायव्हरच्या डोक्यावरची आडवी पट्टी आणि माझ्या पुढच्या बाकाची आडवी दांडी एकमेकींना समांतर नसायच्या. गाडी पिळली जायची आणि ते डोळ्यांना दिसायचं. मला भीती वाटायची आणि मजाही यायची. काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पीळ बसलाच पाहिजे. नाही बसला तर एक चाक हवेत राहील." लांब उभ्या दोन दांड्या आणि मधल्या आडव्या, उघड्या सी आकाराच्या: अशी चासी वाकायला कणखर आणि पिळायला मुद्दाम सैल ठेवलेली असते, म्हणजे वाईट रस्त्यावर सगळी चाकं जमीन धरून राहतात. बॉडीला तो पीळ सोसावा लागतो, म्हणून सांध्यांना थोडी हालचाल द्यावी लागते. काका इंजिनिअर नव्हते. पण सैलपणा कुठे ठेवायचा हे कुणीतरी आधी ठरवलेलं असतं, ही गोष्ट मला कॉलेजच्या कितीतरी आधी त्यांच्याकडून कळली.

वेगाच्या गाडीत हा सैलपणा दुसरीकडे हवा असतो. बुटांचा खोका झाकण काढून हातात धरला आणि पिळला तर तो सहज वळतो. झाकण चिकटवून बंद केला की तोच पुठ्ठा हटून बसतो. १९६२ साली कॉलिन चॅपमननं लोटस २५ ही फॉर्म्युला वन गाडी बांधताना नळ्यांची फ्रेम सोडून ॲल्युमिनिअमच्या पत्र्याची बंद पेटी केली ती याच कारणानं. फ्रेमपेक्षा हलकी आणि पिळायला कितीतरी ताठ. पुढच्या वर्षी जिम क्लार्क त्याच गाडीवर जगज्जेता झाला. मला या गोष्टीतली सगळ्यात मोलाची बाब वेगळीच वाटते. पेटी ताठ झाल्यामुळे स्प्रिंगा मऊ ठेवता आल्या. म्हणजे चॅपमननं मऊपणा गाडीतून हाकलून दिला नाही. पत्र्यातून काढून तो स्प्रिंगेत नेला, जिथे त्याच्यावर लक्ष ठेवायला शॉकॲब्सॉर्बर असतो. पत्रा वाकला तर तो परत येतानाही त्याच्याच मर्जीनं येतो. त्याला आवर घालणारं कुणी नसतं.

बॉडी सैल असली की आणखी एक गोष्ट होते, आणि निदानात ती फार उपयोगी पडते. वळणात किती भार पुढच्या चाकांमध्ये इकडून तिकडे जाणार आणि किती मागच्या, हे पुढच्या-मागच्या स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार (बॉडीचं कलणं आवरणारी आडवी दांडी) यांच्या ताठपणाच्या प्रमाणावर ठरतं. मागचा बार ताठ केला की मागच्या जोडीत जास्त भार सरकतो आणि गाडी जास्त मोकळी वळते. पण हा हिशोब पुढून मागे जाणारी बॉडी ताठ आहे असं धरून चालतो. बॉडी स्वतःच एक स्प्रिंग होऊन मध्ये बसली तर बारचा जोर तीच गिळते. मग तुम्ही बार बदलता, शॉकचे क्लिक बदलता, आणि गाडी तिथल्या तिथेच. मित्रानं नेमकं हेच केलं होतं. मागचा बार सगळ्यात मऊ भोकावरून सगळ्यात ताठ भोकावर नेला होता आणि "काही फरकच पडला नाही" म्हणून वैतागून सोडून दिला होता. मला ते वाक्य त्या हिरव्या कागदापेक्षा जास्त बोलकं वाटलं. इतका मोठा बदल करूनही गाडीनं दखल घेतली नाही, म्हणजे जोर वाटेतच कुठेतरी मुरत होता.

या विषयात मी पुन्हा पुन्हा दोन जर्मन गाड्यांकडे जाते. पहिली पोर्श ९२८, १९७७ सालची. त्या काळच्या तिरक्या ट्रेलिंग आर्मच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये वळणात पाय उचलला की आर्मच्या पुढच्या टोकाचं रबर दबायचं आणि चाक बाहेर पाहू लागायचं. मागची बाजू सुटायची. पोर्शचं संशोधन केंद्र ज्या गावात आहे त्या वाईसाखच्या लोकांनी रबर काढून टाकलं नाही. पुढच्या टोकाची जोडणी अशी बसवली की तोच जोर, तीच दबणारी हालचाल, चाकाला आत वळवेल. पाय उचलला की गाडी उलट जास्त सावध व्हायची. त्या ॲक्सलला त्या गावाचंच नाव मिळालं. मला आजही हे वाचताना आनंद होतो. दुसरी गोष्ट दुःखाची आहे. १९९८ मध्ये आलेली पहिली ऑडी टीटी दिसायला इतकी देखणी होती की तिच्या पाठीवरची ती गोलाई डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी वह्यांमध्ये गिरवली. ऑटोबानवर मोठ्या वेगात लेन बदलताना किंवा वळणात तिची मागची बाजू सुटून अपघात झाले, त्यात माणसं गेली. १९९९ च्या अखेरीस कंपनीनं गाड्या परत बोलावायचं ठरवलं: मागे छोटा स्पॉइलर, घसरणाऱ्या गाडीला ब्रेकनं सावरणारी ईएसपी, आणि सस्पेन्शनमध्ये बदल. गोल पाठीवरून वाहणारी हवा मागची बाजू वर उचलत होती, आणि हवेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. शहरात, शोरूमच्या दारात, पन्नास-साठच्या वेगाला ती गाडी निर्दोषच वाटणार. भार कमी झाल्यावर काय होतं हे फक्त भार कमी करून पाहणाऱ्यालाच दिसतं.

तर आपल्या या गाडीकडे येऊ. ती आम्ही कोल्हापूरला, उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींच्या शेडमध्ये नेली. रोल केज (गाडी उलटली तर आतल्याला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) वाकवणं, चासीचं वेल्डिंग, यात त्यांचा हात बसलेला आहे, आणि सगळे त्यांना मामा म्हणतात. तिथे जायच्या आधी मित्रानं करीवर आणखी एक फेरी करून माझ्या सांगण्याप्रमाणे काही गोष्टी टिपून आणल्या होत्या. (करी म्हणजे एस. करीवर्धन. मारुतीचं इंजिन लावून त्यांनी एका सीटच्या रेसिंग गाड्या घडवल्या, आणि त्या फॉर्म्युला मारुतींवर आपल्याकडची एक पिढी रेसिंग शिकली. त्या ट्रॅकवर जाताना हे आठवावं असं मला वाटतं.) शॉकच्या दांड्यावर त्यानं केबल टाय बांधला होता. तो वर सरकत जाऊन जिथे थांबतो तिथपर्यंत शॉक दबला असं कळतं. शॉकला शेवटी अडवणाऱ्या बंप स्टॉपपासून तो चांगला लांब थांबला होता. म्हणजे वळणाच्या मध्यावर शॉक तळाला लागून मागची बाजू अचानक ताठ होतेय, ही शक्यता गेली. टायरचं तापमान आतून आणि बाहेरून घेतलं, हवा मोजली, बेअरिंगचा खेळ पाहिला. डाव्या मागच्या टायरच्या ब्लॉकवर हात एका दिशेनं फिरवला तर गुळगुळीत लागत होता, उलट फिरवला तर पिसासारख्या धारा बोचत होत्या. असं टायर झिजतं तेव्हा चाक रस्त्याशी वाकडं घासत आलेलं असतं, मशीन काहीही म्हणो. आणि चाकाच्या कमानीत एक छोटा कॅमेरा चिकटवला होता. त्या चित्रात, पाय उचलल्यावर, टायरची पुढची कड आणि आतला पत्रा यांच्यातलं अंतर आधी हळूच आणि मग एकदम बदलताना दिसत होतं.

मामांनी ते चित्र दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "ताई, ही दोन पोस्टच्या लिफ्टवर घ्यायची नाही. चाकं लोंबतील. खड्ड्यावर घ्या, चाकांवर उभी राहू दे."

गाडी खड्ड्यावर घेतली. मामा खाली उतरले, मी मागचं सीट आणि गालिचा काढून आत वाकून बसले, आणि मित्रानं बाहेरून चाकाच्या रिमला पट्टा लावून रॅचेटनं ओढायला सुरुवात केली. मामांनी आर्मच्या बुशशी पहार लावून रेटलं. बुश हललाच नाही. आधीच्या मालकानं मूळ रबर काढून कडक पॉलियुरेथेन बसवलं होतं आणि ते नव्यासारखं घट्ट होतं. इथे बरेच जण तपास थांबवतात: बुश चांगला आहे, पुढे चला. मामांनी एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक पत्र्याला आणि मूठ कानाला लावली, आणि मित्राला म्हणाले, ओढ, सोड, ओढ, सोड. मी वर फ्लोअरच्या पत्र्यावर तळवा ठेवला होता. प्रत्येक वेळी ओढताना आधी काहीच नाही, मग हाताखाली बारीकसा टक्. ते ऐकू येण्याआधी हाताला लागत होतं. त्या ठोक्यात मला मित्राचं दुसरं पाऊल सापडलं. त्यानंतर आम्ही लोहचुंबकाच्या स्टँडवर बारीक हालचाल काट्यानं दाखवणारा डायल गेज लावला, बॉडी आणि आर्मचा ब्रॅकेट यांच्यामध्ये, आणि काटा हलला. बॉडीला पक्का जोडलेला ब्रॅकेट बॉडीच्या तुलनेत हलतो, याचा अर्थ एकच.

मामांनी अंडरकोटिंग खरवडलं. खाली जुन्या सीलंटची रेघ, तिच्या कडेला गंजाची एक बारीक तपकिरी छटा, पण तडा डोळ्यांना नीट दिसेना. कोल्हापुरात याला उपाय शोधायला लांब जावं लागत नाही. जवळच्याच एका फाउंड्रीत कास्टिंग तपासायला डाय पेनिट्रंट वापरतात, तिथून मामांच्या पोरानं दोन डबे आणले. आधी लाल रंग फवारायचा, तो तड्यात मुरू द्यायचा, मग वरून पुसून पांढरा डेव्हलपर मारायचा. पांढऱ्यावर लाल रेघ उमटू लागली. पत्रे जोडणाऱ्या एका स्पॉट वेल्डच्या ठिपक्यापासून निघून दुसऱ्याच्या भोवती वळून ती तिसऱ्याकडे चालली होती. बोटाएवढी लांब. मित्र खड्ड्याच्या काठावर बसून ती वाढताना बघत राहिला.

तडा पडला त्याचं कारण तो न हलणारा बुश होता, हे मला आजही लोकांना पटवून द्यावं लागतं. त्या आर्मचं पुढचं टोक फक्त वर-खाली फिरत नाही. चाक वर जाताना बाकीच्या दोन लिंका त्याला त्यांच्या कमानीत ओढतात, म्हणून आर्मला थोडं आडवं आणि थोडं तिरकंही झुकावं लागतं. मूळ रबर त्या सगळ्या दिशांना वाकून देतं. कडक पॉलियुरेथेन एका अक्षाभोवती छान फिरतं आणि बाकीच्या दिशांना अडून बसतं. मग आर्म पहारीसारखा ब्रॅकेटला पिळतो, ब्रॅकेट पत्र्याला, आणि मिलिमीटरभर जाडीचा पत्रा स्पॉट वेल्डच्या कडेला थकतो. त्यात जास्त पकडीचे रुंद टायर, ताठ स्प्रिंगा, ट्रॅकच्या कर्बवरचे दणके. जोर नाहीसा होत नाही. एक जागा बंद केली की तो पुढच्या जागी जातो. आधीच्या मालकाला मागची बाजू अचूक हवी होती आणि सुरुवातीला ती तशी झालीही असणार. नंतर तडा उघडू-मिटू लागला आणि रबराच्या मऊपणाच्या जागी फाटलेल्या पत्र्याचा मऊपणा आला, ज्याला ना दिशा होती ना आवर.

दुरुस्तीत मामांची शिस्त पाहण्यासारखी होती. आधी बॅटरी सोडवली, पेट्रोलची टाकी उतरवली, टाकी शेडच्या पार बाहेर नेऊन ठेवली. मागचा एक कोपरा जॅकनं उचलून दाराच्या फटी मोजल्या आणि कुठे किती पडल्या ते खडूनं बाहेरच्या पत्र्यावरच लिहिलं. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे तो पुढे पळणार नाही. तडा भरला आणि घासला. मग वर पत्र्याची पट्टी, कोपरे गोल केलेली, आणि एवढी लांब की तिचं टोक जवळच्या, गाडीच्या लांबीत जाणाऱ्या जाड लाँगिट्यूडिनल मेंबरवर जाऊन बसेल. चौकोनी पट्टी लावली तर तिच्याच कोपऱ्यातून पुढचा तडा निघतो. मिग वेल्डिंगच्या मशीननं टाके घालत, मध्ये थांबून पत्रा थंड होऊ देत त्यांनी वेल्डिंग केलं. उजव्या बाजूला लाल रेघ उमटली नव्हती, तरी तिथेही तशीच पट्टी मारली. शेवटी झिंक प्रायमर, सीलंट, पोकळीत मेण. डायल गेज परत लावून रॅचेट ओढला तेव्हा काटा जागेवर राहिला आणि माझ्या तळव्याला काहीही लागलं नाही. नंतर अलाइनमेंट केलं आणि याही वेळी आकडे हिरवे आले. जवळजवळ तेच आकडे.

बुशच्या जागी मूळ मापाचं रबर गेलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पातळ लिमिटर चकत्या. आर्म हवा तसा झुकू शकतो, पण आडवा सरकला तर चकतीला टेकून थांबतो. मित्राला हे आधी रुचलं नव्हतं. ट्रॅकच्या गाडीत रबर म्हणजे माघार, असं त्याच्या बरोबरीच्या मुलांत मानतात. मी त्याला ९२८ ची गोष्ट सांगितली, मामांनी फक्त तो पॉलियुरेथेनचा कडक तुकडा त्याच्या हातात दिला आणि वाकवून बघ म्हणाले. पुढच्या खेपेला ट्रॅकवर त्यानं मागचा बार एका भोकानं ताठ केला, आणि दुपारी फोन आला: मागची बाजू फारच मोकळी होतेय, परत मऊ करू का? गाडी आता त्याचं ऐकत होती. मी हो म्हटलं आणि ऑफिसातून उठून जरा बाहेर चालून आले, इतकं बरं वाटलं.

राहिला तो मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलचा मागचा बुश. तोही आधीच्या मालकानं कडक बसवलाय, आणि गिअर बदलताना सगळा झटका त्याच फ्लोअरला बसतो. मित्राचं म्हणणं की ताकदीला उशीर नको, कडकच राहू दे. मामा रबराच्या बाजूनं आहेत, मीही. पुढच्या महिन्यात तो गाडी घेऊन पुन्हा उद्यमनगरात जाणार आहे, आणि मी त्याला सांगून ठेवलंय की तो बुश बदलणार नसेल तर निदान त्याच्या वरच्या पत्र्यावर, गालिचा काढून, ते लाल-पांढरे डबे मारून ये.